बुद्ध्यंक, चाळणी आणि पालक

शीव भागातल्या पालकांच्या तोंडी ‘टेस्ट’ हा शब्द दोन प्रसंगी येतो. मूल वर्गात पहिले-दुसरे येत असेल तर डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, एखादी प्रज्ञाशोध परीक्षा, नाहीतर खासगी मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यंक काढून घेणे, हा एक प्रसंग. मूल बोलण्यात हुशार वाटते पण लिहिता-वाचताना अडखळते, म्हणून शाळा त्याला लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातल्या शीव रुग्णालयात, तपासून घ्यायला सांगते, हा दुसरा. पहिल्या टेस्टला निघालेले पालक शेजाऱ्यांना सांगून निघतात. दुसऱ्या टेस्टला जाणारे ‘डोळे तपासायला नेतो’ म्हणतात. प्रत्यक्षात बुद्ध्यंक काढण्यासाठी मुलापुढे मांडले जाणारे ठोकळे, चित्रे आणि आकड्यांच्या माळा दोन्हीकडे बऱ्याच अंशी सारख्याच असतात.

हा योगायोग नव्हे. आज ‘हुशार’ मुले निवडायला वापरतात त्या चाचण्यांचा जन्म मागे पडणाऱ्या मुलांसाठी झाला. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यावर कोणत्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे हे ओळखण्याचा प्रश्न उभा राहिला आणि १९०५ साली आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी पहिली उपयोगी चाचणी तयार केली. बिने यांचा हेतू मर्यादित होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशी आहे हे मत त्यांना मान्य नव्हते. १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते खोडूनही काढले. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना १९१२ मध्ये जर्मनीतील विल्यम स्टर्न यांनी मांडली, १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणून घेतले, आणि ‘बुद्ध्यंक’ नावाचा एकच आकडा जगाच्या हाती आला. मदत कोणाला हवी हा प्रश्न मागे पडून श्रेष्ठ कोण हा प्रश्न पुढे आला तो येथे.

आपल्याकडे वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या चाचणीची मराठी आणि कन्नड मुलांसाठी पुनर्रचना केली. त्यावरील त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. ‘बिने-कामत’ चाचणी या नावाने ती अनेक रुग्णालयांत आणि मार्गदर्शन केंद्रांत परिचित आहे. मराठी मातीतील या कामाचे मोल मोठे आहे. मात्र कोणत्याही चाचणीचे निकष ज्या काळातील मुलांवरून बसवले, त्या काळाचे असतात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये दाखवून दिले की अनेक देशांत पिढीगणिक चाचणीतील गुण वाढत गेले आहेत. म्हणजे जुन्या निकषांवर आजचे मूल मोजले तर आकडा फुगून येण्याचा संभव असतो. घरी पेढे वाटण्यापूर्वी चाचणीचे निकष कोणत्या साली बसवले हे विचारायला हवे. हा प्रश्न विचारणारे पालक आम्हाला अजून भेटायचे आहेत.

मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पूर्वी रंगीत दिव्यांची वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की जाड पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे, त्यावर वजनाबरोबर भविष्याचीही एक ओळ छापलेली असे. वजन खरे, भविष्य करमणुकीचे, हे लहान मुलालाही कळे. बुद्ध्यंकाच्या अहवालावर भविष्य छापलेले नसते, पण पालक ते वाचतात. ‘१३२ आला, आयआयटी नक्की’ किंवा ‘१०४ म्हणजे साधारणच की’ ही वाक्ये अहवालात कुठेच नसतात.

आणि वजनाच्या आकड्यातही थोडी चूक असतेच. काट्यावर एकदा उतरून पुन्हा चढलो तर अर्धा-पाव किलो इकडेतिकडे होतो. बुद्धिमापनातही तसेच आहे, फक्त ही चूक मोजता येते. समजा, एखाद्या चाचणीची विश्वसनीयता ०.९० आहे, म्हणजे ती चांगलीच आहे. गुणांचा मध्य १०० आणि प्रमाण विचलन १५. मग मापनाची प्रमाण त्रुटी काढण्यासाठी १५ ला ०.१० च्या वर्गमुळाने गुणायचे. उत्तर पाचाच्या जरा खाली येते, आपण ५ धरू. एखाद्या मुलीला १२७ गुण मिळाले, तर तिचा ‘खरा’ आकडा १२२ ते १३२ या पट्ट्यात कोठेतरी आहे असे आपण तीनांत दोनदा बरोबर ठरू अशा खात्रीने म्हणू शकतो. अधिक खात्री हवी असेल तर पट्टा दुप्पट रुंद करावा लागतो.

आता निवडीची रेषा १३० वर आखली आहे असे समजू. गुणांचे वितरण घंटेच्या आकाराचे धरले, तर १००० मुलांपैकी १३० च्या वर सुमारे २३ मुले येतात. आणि १२५ ते १३० या एवढ्याशा पट्ट्यात किती येतात? सुमारे २५. म्हणजे रेषेपलीकडे जितकी मुले गेली, त्याहून थोडी अधिकच मुले रेषेच्या अगदी अलीकडे, चाचणीच्या चुकीच्या टप्प्यात उभी आहेत. पुढच्या आठवड्यात तीच चाचणी घेतली असती तर यांतील काही आत आणि आतली काही बाहेर गेली असती. वर्गात हे गणित फळ्यावर जरूर करून दाखवावे. नववी-दहावीच्या मुलांना सरासरी येते, तेवढ्यावर गोष्ट समजते.

दुसऱ्या चाचणीत आकडा खाली आला की ‘मुलगा घसरला’ म्हणून घरी शोककळा पसरते. येथेही गणित वेगळेच सांगते. पहिल्या वेळी ज्यांना फार वरचे गुण मिळाले त्यांच्यात, त्या दिवशी नशिबाने थोडा हात दिलेली मुले जास्त असतात. वरच्याच विश्वसनीयतेने १३५ गुणांच्या मुलाचा पुढच्या वेळचा अपेक्षित आकडा १३१.५ येतो. मूल तेच असते, दिवस बदललेला असतो.

चाळणीतून काय निसटते याचे उदाहरण टर्मन यांच्याच कामात आहे. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियात सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा ठेवला. त्या मुलांतून अनेक यशस्वी माणसे निघाली, पण नोबेल कोणालाच मिळाले नाही. उलट त्या निवडीत तपासून बाजूला काढलेल्या मुलांत विल्यम शॉक्ली आणि लुई अल्व्हारेझ हे होते. शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि अल्व्हारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकीचे नोबेल मिळाले.

क्लासविषयी पालक हमखास विचारतात, आणि येथे आमचे मत दोन चाचण्यांसाठी दोन प्रकारचे आहे. बुद्ध्यंक चाचणीचा सराव करून घेणे म्हणजे थर्मामीटर गरम चहात बुडवण्यासारखे आहे. पारा चढतो, ताप कळत नाही. चाचणीचे निकष ती कोडी प्रथमच पाहणाऱ्या मुलांवरून बसवलेले असतात, त्यामुळे सरावलेल्या मुलाच्या आकड्याला अर्थच उरत नाही. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ साली सुरू केलेल्या होमी भाभा स्पर्धेचे तसे नाही. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मुलाखत आणि कृतिप्रकल्प असतो. त्यासाठी एखाद्या मुलाने चार महिने मोजपात्र हाताळले, रोपांची नोंदवही ठेवली, तर पदक मिळो न मिळो, त्याचे नुकसान काहीच नाही. नुकसान होते ते लेखी परीक्षेच्या प्रश्नसंचांचे गठ्ठे पाठ करून घेतले जातात तेव्हा. १९६३ मध्ये विज्ञान प्रज्ञाशोध म्हणून सुरू झालेली आणि २०२१ नंतर थांबलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षाही अशाच गठ्ठ्यांच्या ओझ्याखाली गेली होती.

आता शीव रुग्णालयाकडे जाणारी वाट. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या: वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्राची मुभा इत्यादी. त्यासाठीच्या तपासणीचे मोठे काम या रुग्णालयाच्या बालरोग विभागात झाले. या तपासणीत वेक्सलर यांच्या चाचणीचे भट यांनी केलेले भारतीय रूप वापरले गेले. बुद्ध्यंक ८५ किंवा त्याहून अधिक आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणितात दोन इयत्ता मागे, असे चित्र असेल तर अध्ययन अक्षमता असल्याचे निदान होते. पालकांना ही गोष्ट पटकन उमगत नाही. ‘बुद्धी चांगली आहे’ हे डॉक्टरांचे वाक्य ऐकून काही आयांच्या डोळ्यांत पाणी येते. वर्षानुवर्षे शाळेतून ‘ढ’ हा शब्द ऐकलेला असतो. काही वडील मात्र लगेच म्हणतात, ‘बुद्धी आहे ना, मग आळशीपणाच हा!’ पहिली प्रतिक्रिया सुटकेची, दुसरी शिक्षेची, आणि आकडा दोघांच्याही हातात तोच.

या मुलांपैकी काहींचा एकूण बुद्ध्यंक साधारण दिसतो, पण भाग सुटे करून पाहिले तर ठोकळ्यांच्या रचनेत ते वर्गात सर्वांत पुढे आणि आकड्यांच्या माळेत फार मागे असतात. सरासरीने दोन्ही टोके पुसून टाकलेली असतात. प्रज्ञाशोधाच्या चाळणीत असे मूल पहिल्याच लेखी फेरीत गळते, आणि सवलतींच्या चाळणीत ‘ठीक चालले आहे’ म्हणून वर राहून जाते. ते दोन्हीकडून निसटले आहे हे कळण्याची शक्यता कोणाला असेल तर ती वर्गशिक्षकाला.

हे सारे चाचणीपर्यंत पोचलेल्या मुलांविषयी झाले. शीवला लागूनच धारावी आहे. तेथील महापालिका शाळेतल्या मुलाच्या घरी कोणी स्पर्धेचा अर्ज नाकारत नाही, कारण अर्जाची तारीखच घरापर्यंत येत नाही. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते. तमिळ बोलणाऱ्या मुलाला मराठी निकषांवर तोलले तर आकडा कशाचा मिळेल? शब्दविरहित चाचण्या, उदाहरणार्थ १९३८ सालच्या रेव्हन यांच्या आकृत्या, ही अडचण कमी करतात, पण संपवत नाहीत. फ्लिन यांना सर्वांत मोठी वाढ दिसली ती याच प्रकारच्या चाचण्यांत, आणि शाळा व भोवतालाचा संबंध नसता तर दोन पिढ्यांत तेवढा बदल होण्याचे काही कारण नव्हते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात याच प्रश्नाला हात घातला. वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी मुंबईच्या महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांमधून काहींची निवड करून त्यांना शालान्त परीक्षेपर्यंत नियमित मार्गदर्शन दिले. मुलांच्या शालान्त निकालात लक्षणीय सुधारणा झाली. या कामातून पुढे आलेली एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुस्तकाची संस्कृतप्रचुर भाषा सोपी केली की विज्ञान ‘न येणाऱ्या’ मुलांपैकी अनेकांना ते येऊ लागते. अडथळा बुद्धीत असल्याचे वाटत होते, तो वाक्यरचनेत होता. येथे चाचणीने निवडीनंतर मुलांना वाऱ्यावर सोडले नाही, हेही नोंदवायला हवे. आपल्याकडे प्रज्ञाशोध पुष्कळ होतो, शोध लागल्यावरची मशागत फार थोड्या ठिकाणी होते. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६९ मध्ये प्रशाला काढली ती निवडीनंतरच्या वर्षांसाठी, म्हणून तिचे नाव टिकले.

अहवाल हातात घेऊन पालक शाळेत येतात तेव्हा आम्ही शिक्षकांना एक साधी गोष्ट करायला सुचवतो. एकूण आकड्यावर कागदाची पट्टी ठेवून तो झाकावा आणि खालचे भागवार गुण पालकांबरोबर एकेक करून वाचावेत. ‘चित्रांचा क्रम लावण्यात हा एवढा पुढे कसा?’ असे विचारले की आई सांगू लागते: घरातला बिघडलेला पंखा त्याने उघडला होता, किराण्याचा हिशेब तो तोंडी करतो पण वहीत मांडत नाही. निम्म्या तासाने वडीलही बोलू लागतात. झाकलेला आकडा कितीचा होता हे बहुधा तेव्हा कोणी विचारत नाही. विचारलेच, तर पट्टी उचलून तो दाखवावा आणि पेन्सिलीने त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच गुणांची रेघ ओढून द्यावी.