सूर्य थांबतो तेव्हा

2 नोव्हेंबर 1959 रोजी वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी इंग्लंडमधला एम-वन मोटरवे खुला केला. वेगमर्यादा नव्हती. लोकांनी हौसेनं ॲक्सिलरेटर दाबला आणि थोड्याच दिवसांत कडेला बॉनेट उघडून वाफा सोडणाऱ्या गाड्या दिसू लागल्या. रस्ता नवा होता, गाड्या मात्र जुन्या वळणाच्या गावरस्त्यांसाठी घडलेल्या.

याचं मूळ काही अंशी सरकारी करात होतं. 1940च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर सिलिंडरची संख्या आणि त्यांचा व्यास पाहून ठरे. पिस्टन वरखाली किती लांब धावतो, याचा हिशेब त्यात नव्हता. कारखानदारांनी साहजिकच सिलिंडर अरुंद आणि उंच केले. अशा इंजिनात फेरे वाढले की पिस्टनची धावपळ फार वाढते. त्यातून ग्राहकाला गिअर बदलायचा कंटाळा. टॉप गिअरमध्येच गाडीनं ताशी वीस मैलांपासून निमूटपणे ओढावं, ही अपेक्षा. म्हणून डिफरन्शिअलचं प्रमाण ओढीला सोयीचं ठेवलं जाई. गावात ते उत्तम. मोटरवेवर तासभर त्याच गिअरमध्ये पळवलं की इंजिन अक्षरशः रडे.

पुढच्या काळातल्या एमजीबी या दोन आसनी गाडीचंच उदाहरण घेऊ. तिच्या चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या दर हजार फेऱ्यांमागे ताशी साधारण 17.9 मैल वेग मिळतो. ताशी 70 मैल, म्हणजे जवळजवळ 113 किलोमीटर, या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे 3,900 फेरे घेतं. यात इंजिनाला बिघडवणारं काही नाही, पण तीन तासांच्या प्रवासात डोकं उठतं.

यावरचा उतारा शेफील्डच्या लेकॉक कंपनीत तयार होत होता. एडगर द नॉर्मनव्हिल या इंजिनिअरच्या कल्पनेतून आलेली ही ओव्हरड्राइव्हची पेटी 1948च्या सुमारास स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये दिसली आणि पुढे ट्रायम्फ, जॅग्वार, एमजी, व्हॉल्व्हो अशा कितीतरी गाड्यांत गेली. गिअरबॉक्सच्या शेपटाला जोडलेली पेटी, एवढंच तिचं रूप.

आत मात्र छोटं ग्रहमंडळ आहे. मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रं आणि सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं कडं. गिअरबॉक्समधून आलेला दांडा ग्रहांच्या चौकटीला फिरवतो. चाकांकडे जाणारा दांडा कड्याला जोडलेला. एरवी एक शंकूच्या आकाराचा क्लच स्प्रिंगच्या जोरावर सूर्य आणि कडं एकत्र बांधून ठेवतो, सगळं मंडळ एका गतीनं फिरतं. चालकानं बटण दाबलं की पंपानं साठवलेलं दाबाखालचं तेल त्या क्लचला उलट दिशेला ढकलतं आणि सूर्य पेटीच्या भिंतीशी जखडला जातो. ग्रह आता थांबलेल्या सूर्याभोवती फिरत कड्याला आपल्याहून वेगात पळवतात. एमजीबीच्या एका प्रकारात दर 0.82 फेऱ्यांमागे बाहेर एक पूर्ण फेरा मिळतो. 3,900चे 3,200 होतात. तासाला बेचाळीस हजार फेरे वाचले! आणि हे सगळं क्लच-पेडल न दाबता, ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता. मला या यंत्राची खरी कमाल वाटते ती इथे.

आपल्याकडे 'गाडी टॉपला टाकली' म्हणजे सुसाट सोडली. ओव्हरड्राइव्हच्या बाबतीत हे बरोबर उलटं आहे. त्यात वेग वाढेलच असं नाही. कित्येक गाड्यांचा कमाल वेग त्याच्या खालच्या गिअरमध्येच येतो, कारण हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद इंजिन तिथल्या फेऱ्यांवरच देतं. ओव्हरड्राइव्ह म्हणजे तोच वेग निवांत राखणं. फेरे कमी झाल्यानं इंजिनातलं घर्षण घटतं. तेवढीच ताकद काढायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, पण त्यामुळे हवा आत ओढायचे श्रमही कमी होतात. म्हणून पेट्रोल वाचतं. चढ आला की मात्र गाडी उचलत नाही. खंडाळ्याच्या चढावर पाचव्यातच रेटणाऱ्याला हे सांगायला नको.

एक पथ्य कडक होतं: रिव्हर्स घेताना ओव्हरड्राइव्ह लागता कामा नये. पेटीतला एकाच दिशेनं फिरणारा रोलर-क्लच त्यात चिरडला जाई. म्हणून ठरावीक गिअरांतच वीज पोचवणारा स्विच गिअरबॉक्सवर बसवलेला असे.

1970च्या दशकात पाच गिअरांचे बॉक्स सर्रास होऊ लागले आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या आडव्या इंजिनांच्या मागे पेटी जोडायला जागाच उरली नाही. तिचं काम पाचव्या गिअरनं गिळलं. आज एमजीबीचे शौकीन जुना बॉक्स काढून फोर्ड सिएराचा पाच गिअरांचा बसवतात. सोय झाली खरी. पण बऱ्याचशा एमजीबींत ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या गिअरलाही लागे, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर नुसत्या बोटानं तिसरा आणि साडेतिसरा असं खेळत जाता येई. ती मजा त्या नव्या बॉक्सात नाही.