तीन अक्षरांचे चार शब्द

ई, ए, टी ही तीनच इंग्रजी अक्षरे स्थानपालट करून ईट, टी आणि एट असे तीन शब्द देतात, हा खेळ शाळकरी मुलांच्याही परिचयाचा आहे. परंतु काना-मात्रा व्यंजनापासून विलग करावयाची नाही, हा कडक निर्बंध पाळूनही मराठीत याहून अधिक संपन्नता आढळते. स, र आणि वा घ्या: मिळकतीचा वारस, आपल्याच लोहा तालुक्यातील माळेगावच्या घोडेबाजारातला सवार, संस्कृतातील दिवसवाचक वासर, आणि पीक निघाल्यावर रानात वेचतात तो सरवा! फार्सी-अरबी दप्तर, देववाणी आणि आम्हा लोहेकरांचे शिवार अशी तिन्ही घराणी एवढ्याशा जागेत नांदावीत, याचे मला तरी मोठे अप्रूप वाटते. रसद, सदर, दरस हे त्रिकूटही त्याच जातीचे.

तीन भिन्न अक्षरांच्या मांडण्या सहाच होतात, हे गणित भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अंकपाश प्रकरणाचे, आणि 1541 मध्ये त्या ग्रंथावर टीका लिहिणारे दैवज्ञ सूर्यपंडित हे पार्थपूरचे, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचे, अर्थात आपले शेजारीच. त्यांनीच ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले, ज्यात श्लोकाचा पूर्वार्ध रामाविषयी असून तोच अक्षरागणिक उलट फिरवला असता होणारा उत्तरार्ध कृष्णाविषयी बोलतो. त्यातील अर्थ काही ठिकाणी ओढूनताणून लावावा लागतो, हे खरे. तथापि त्या कसबापुढे आमची ‘जमा’ उलटून ‘माज’ करण्याची मजल अगदीच तोकडी. न, क, ल यांतून मला नकल आणि कलन सापडले. अधिक कोणास सुचल्यास अवश्य कळवावे.