मेंढवाड्यावरील राखणदार कुत्र्यांचा आहार

दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातील अनेक धनगर मेंढपाळ चाऱ्याच्या शोधात आपले वाडे घेऊन बाहेर पडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातात, तर कोणी देशावरच रानोरान फिरतात, आणि पावसाळ्याच्या तोंडी गावाकडे परततात. या प्रवासात प्रत्येक वाड्याबरोबर दोन-चार कुत्री असतात. दिवसा कळपाबरोबर चालावयाचे व रात्री कोकरांच्या जाळीभोवती जागावयाचे, असे त्यांचे दुहेरी काम असते. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील माळरानांवर लांडग्यांची वस्ती आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये लांडग्यास मारणे किंवा त्यास विष घालणे हा गुन्हा होय. तेव्हा कळपाच्या रक्षणाचा जो कायदेशीर व खात्रीचा उपाय मेंढपाळाच्या हाती आहे, तो म्हणजे सशक्त व जागरूक कुत्रा. मेंढ्यांच्या औषधपाण्याची काळजी वाहणारा मेंढपाळ कुत्र्याच्या खाण्याकडे मात्र क्वचितच लक्ष देतो.

या कुत्र्यांस बहुधा बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी व पातळ ताक मिळते. याचे कारण उघड आहे. शेतात मेंढ्या बसविल्याबद्दल शेतकऱ्याकडून पूर्वापार धान्य मिळत आले, आणि जे माणसांच्या पानात तेच कुत्र्याच्या पुढ्यात. भाकरी कुत्र्यास मानवत नाही असे मुळीच नाही. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहिल्याने कुत्र्यास पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ती लांडग्याहून पुष्कळ अधिक आली आहे, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीच्या संशोधनाने दाखवून दिले. भाकरीने कुत्र्याचे पोट भरते व त्यास चालण्याची शक्तीही मिळते. उणीव राहते ती प्रथिनांची.

स्नायू, रक्त, केस व कातडी ही सर्व प्रथिनांपासून बनतात, आणि कष्टाच्या कामात त्यांची झीज होते ती प्रथिनांनीच भरून निघते. बर्फावरील गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांवर अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. सरावाच्या काळात ज्या कुत्र्यांना सर्वांत कमी प्रथिने दिली होती, त्यांना दुखापती इतरांहून अधिक झाल्या, असे त्यात आढळले. मेंढवाड्यावरील कुत्रा शर्यत धावत नाही हे खरे. पण तो महिनोन्महिने रोज चालतो व रात्री पुरती झोपही घेत नाही.

आता हिशेब पाहू. सुमारे २० किलो वजनाच्या कामकरी कुत्र्यास दिवसाकाठी साधारणतः १४०० कॅलरी लागतात. प्रौढ कुत्र्याच्या आहारात दर १००० कॅलरींमागे निदान ४५ ग्रॅम प्रथिने असावीत असे मानतात. म्हणजे या कुत्र्यास ६३ ग्रॅम प्रथिने हवीत, आणि कष्टाच्या दिवसांत त्याहून काही अधिक. ४०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरीतून त्यास कॅलरी जवळजवळ पुरत्या मिळतात, परंतु प्रथिने मिळतात अवघी ४४ ग्रॅम. शिवाय बाजरी-ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा आवश्यक घटक कमी असतो, त्यामुळे त्या ४४ ग्रॅमांचाही शरीरास पुरता उपयोग होत नाही. पातळ ताकाने ही तूट भरून निघत नाही, कारण त्यात बहुतांशी पाणीच असते.

लायसिनची उणीव डाळी व कडधान्ये भरून काढतात. म्हणून भाकरी बंद न करता तिचा काही भाग कमी करावा व त्याजागी कडधान्य द्यावे. २५० ग्रॅम बाजरीचे पीठ, १०० ग्रॅम हुलगे आणि २ अंडी यांतून सुमारे ६२ ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि ती केवळ बाजरीच्या प्रथिनांहून गुणाने बरीच सरस असतात. यात चमचाभर खाद्यतेल मिसळावे. दीर्घकाळ चालणाऱ्या प्राण्यास स्निग्ध पदार्थांपासून मिळणारी शक्ती फार उपयोगी पडते, आणि तेवढी प्रथिने इंधनापोटी खर्च होण्यापासून वाचतात. अंडी मिळत नसतील तेथे ५० ग्रॅम सोयाबीन द्यावे. त्यातून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. हुलगे व सोयाबीन रात्री भिजत घालून मऊ होईपर्यंत शिजविलेच पाहिजेत. कच्च्या सोयाबीनमधील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करतात. अंडीही उकडूनच द्यावी. कोकणात वाडा असेल तर थोडे सुकट किंवा सुके बोंबील हे उत्तम प्रथिनयुक्त खाद्य होय. मात्र ते धुऊन, मीठ काढून द्यावे.

शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिने भरपूर असली तरी ती बुरसलेली असल्यास विषासमान समजावी. बुरशीपासून होणारे अफलाटॉक्सिन नावाचे विष यकृताचा नाश करते आणि कुत्रा त्यास फार लवकर बळी पडतो. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांत बुरसलेला मका खाल्ल्याने १०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. त्याच गावांतील कुत्रीही त्याच लक्षणांनी दगावली होती. जनावरांस नको म्हणून बाजूस टाकलेली पेंड कुत्र्यापुढे टाकू नये. तसेच कांदा-लसूण घातलेले कालवण कुत्र्याचे रक्त बिघडविते, आणि द्राक्षे व मनुका त्याच्या मूत्रपिंडास अपाय करतात. द्राक्षबागांच्या भागात तळ असेल तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

मेलेल्या मेंढीचे मांस

प्रथिनांची चर्चा निघाली की मेंढपाळ सहज म्हणतो, एखादी मेंढी मेली की कुत्र्यांची सोय होतेच. मांसात प्रथिने विपुल असतात, यात वाद नाही. परंतु वाड्यावर होणारे फार मोठे नुकसान याच सवयीतून होते, आणि ते सहा-सहा महिन्यांनी दिसत असल्यामुळे त्याचा संबंध कोणी कुत्र्याच्या खाण्याशी जोडीत नाही.

कळपात एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूस गोल फिरू लागते, चरणे सोडते व अखेर झिजून मरते. अशा मेंढीच्या मेंदूत पाण्याने भरलेली गाठ असते, आणि ती गाठ म्हणजे एका पट्टकृमीची बाल्यावस्था होय. मेंढी कापली किंवा मेली की तिची मुंडी कुत्र्यांकडे जाते. गाठीतील कृमी कुत्र्याच्या आतड्यात चिकटून सुमारे सहा आठवड्यांत वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात. तेच गवत मेंढ्या खातात, आणि पुढील हंगामात आणखी मेंढ्या गोल फिरू लागतात. मेंढीच्या यकृतात व फुफ्फुसात आढळणाऱ्या पाण्याच्या गाठींचा प्रकारही असाच, परंतु अधिक घातक आहे. त्या कृमीची अंडी कुत्र्याच्या केसांवरून माणसाच्या हातास व तोंडास लागतात, आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारी गाठ माणसाच्या यकृतात होते. पिलांशी खेळणारी वाड्यावरील मुले या धोक्यात सर्वप्रथम सापडतात.

आइसलँड या मेंढपाळांच्या देशात एकेकाळी हा रोग घरोघरी होता. हाराल्ड क्राब्बे या डॅनिश संशोधकाने १८६३ साली तेथे जाऊन त्याचे मूळ तपासले व पुढील वर्षी एक छोटी माहितीपुस्तिका घरोघर वाटण्यात आली. १८६९ पासून कुत्र्यांविषयी कायदेही झाले. कच्चे अवयव कुत्र्यांपासून दूर ठेवणे व कुत्र्यांस जंताचे औषध देणे, एवढ्या साध्या उपायांनी तो देश कालांतराने या रोगापासून मुक्त झाला.

तेव्हा मांस द्यावयाचे असेल तर ते निरोगी कापलेल्या जनावराचेच असावे. यकृत, फुफ्फुस वगैरे अवयव लहान तुकडे करून निदान अर्धा तास उकळलेल्या पाण्यात शिजवावे. मुंडी कुत्र्यास कधीच देऊ नये. गाठी असलेले अवयव जाळावे किंवा कुत्र्यास उकरता येणार नाही इतके खोल पुरावे. मेंढीची जारही पुरावी. अचानक मेलेली मेंढी, विशेषतः नाकातोंडातून रक्त आलेली, काळपुळीची असू शकते. तिला चिरू नये, सोलू नये, व पशुवैद्यास त्वरित कळवावे. अशा मेंढीचा मोह कातडीपुरताही धरू नये.

कुत्र्यांस पट्टकृमींवरील प्राझिक्वांटेल हे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वजनानुसार द्यावे. कृमी सहा आठवड्यांत अंडी घालू लागत असल्याने तितक्याच अंतराने औषध देणे उत्तम. ते न साधल्यास निदान तीन महिन्यांनी तरी द्यावे. औषध दिल्यावर कुत्रा दोन दिवस बांधून ठेवावा व त्याची विष्ठा जाळावी अगर पुरावी.

व्यालेली कुत्री व पिले

कुत्री सुमारे ६३ दिवसांनी विते. शेवटच्या तीन आठवड्यांत तिचा आहार हळूहळू वाढवावा. चार-पाच पिलांस ती पाजत असता तिला नेहमीच्या दुप्पट, कधी त्याहून अधिक खाद्य लागते, व ते दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे. वाढत्या पिलांस प्रौढ कुत्र्याहून प्रथिने अधिक लागतात. अंडे, शिजवलेली डाळ व थोडे दूध त्यांस चौथ्या आठवड्यापासून चाटावयास द्यावे. केवळ मांस व भाकरी यांवर वाढलेल्या पिलांची हाडे चुन्याच्या अभावी वाकतात. अंड्याचे कवच उकळून, वाळवून बारीक कुटावे. ही पूड प्रौढ कुत्र्यास रोज चहाचा अर्धा चमचा, व पिलास त्याहून बेताने, खाद्यात मिसळून द्यावी. शिजवलेली हाडे देऊ नयेत. ती चावताना अणकुचीदार फुटून आतडे फाडतात.

कुत्रा उपाशी ठेवला म्हणजे राखण चांगली करतो, अशी समजूत काही ठिकाणी आढळते. उपाशी कुत्रा रात्री गावातील उकिरड्याकडे किंवा मेलेल्या जनावराकडे जातो, आणि नेमका त्याच वेळी कळप उघडा पडतो. मुख्य जेवण संध्याकाळी तळावर थोडी विश्रांती झाल्यावर द्यावे, सकाळी निघण्यापूर्वी थोडे, व पाणी केव्हाही. कुत्र्याच्या बरगड्या डोळ्यांस दिसू नयेत, पण बोटांस सहज लागाव्या, एवढा तो अंगाने भरलेला असावा. चालीच्या दिवसांत दर पंधरवड्यास बरगड्यांवरून हात फिरवून पाहावे, आणि त्या दिसू लागल्यास प्रथम जंताची शंका घेऊन मगच भाकरी वाढवावी.