एका ओळीची परवानगी

पहिल्या वर्षाच्या भूगोलाला उद्या ‘ज्वालामुखी आणि अग्निजन्य खडक’ शिकवायचं आहे. रात्री नऊला मॅडम लॅपटॉप उघडतात, गूगलवरून चार चित्रं उचलतात, जुन्या वहीतले मुद्दे टाइप करतात आणि पीपीटी तयार करतात. त्याच आठवड्यात सोलापुरात, अकोल्यात, सावंतवाडीत कोणीतरी हेच काम पहिल्यापासून करत असतं. सत्र संपलं की पीपीटी पेन ड्राइव्हमध्ये जाऊन बसते, फार तर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. एवढी मेहनत अशी कोंडून राहते याचं मला मनापासून वाईट वाटतं. यावर उपाय आहे, पण तो कसा चालतो हे जरा सावकाश समजून घ्यायला हवं.

उपायाचं नाव मुक्त शैक्षणिक साहित्य. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं करण्याचं 2001 मध्ये जाहीर केलं. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत हे नाव रुजलं. यातला ‘मुक्त’ हा शब्द नीट समजला नाही तर पुढचं सगळं चुकतं. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार मजकूर लिहिला, आकृती काढली की त्याच क्षणी त्यावर स्वामित्वहक्क लागू होतो. नोंदणी लागत नाही. वर्गात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने त्याची प्रत काढायला कलम 52 मोकळीक देतं. पण तीच चित्रं घालून केलेलं टिपण इंटरनेटवर चढवणं ही वेगळी गोष्ट आहे. गूगलवर दिसतं म्हणून ते आपलं होत नाही. मुक्त साहित्यात लेखकाने ही परवानगी आधीच लिहून ठेवलेली असते. बहुतेक वेळा पहिल्या पानावरच्या एका ओळीत ती मिळते, आणि ती ओळ सहसा क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेच्या परवान्याची असते.

त्या ओळीत इंग्रजी अक्षरांच्या जोड्या असतात. ‘बीवाय’ म्हणजे काहीही करा, पण माझं नाव द्या. ‘एसए’ म्हणजे बदल करून पुढे द्याल तर त्यालाही हाच परवाना लावा; विकिपीडियाचा मजकूर असाच मिळतो. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेली प्रत पुढे देऊ नका. मराठीत शिकवणाऱ्यांनी या शेवटच्या जोडीवर खास नजर ठेवावी, कारण भाषांतर हाही बदलच मानला जातो. ‘एनडी’ असलेलं पुस्तक कितीही चांगलं असो, त्याचं मराठी रूपांतर लेखकाला न विचारता प्रसिद्ध करता येत नाही. आणखी एक अडचण पुष्कळांना उशिरा कळते: ‘बीवाय-एसए’ आणि ‘बीवाय-एनसी-एसए’ अशा दोन साहित्यांचं मिश्रण करून एकच टिपण पुढे देता येत नाही, कारण दोघांच्या अटी एकमेकींना छेदतात.

आता मॅडमच्या धड्याकडे येऊ. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बीसीकॅम्पस या संस्थेने स्टीव्हन अर्ल यांचं ‘फिजिकल जिऑलॉजी’ हे पाठ्यपुस्तक 2015 मध्ये काढलं. 2019 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. परवाना ‘सीसी बीवाय 4.0’, म्हणजे नाव द्या आणि हवं ते करा. ज्वालामुखीचं प्रकरण उत्तम आहे, पण उदाहरणं तिकडची: हवाईचा किलाउआ, वॉशिंग्टन राज्यातला माउंट सेंट हेलेन्स. आपल्या मुलांच्या पायाखाली तर सगळा बेसाल्टच आहे!

म्हणून रचना आणि स्पष्टीकरण अर्ल यांचं ठेवायचं आणि उदाहरणं बदलायची. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि त्याचे पाच-सहा कोनांचे खांब तयार होतात. आटलेल्या तळ्यातला गाळ भेगाळतो तसंच हे असतं, फक्त इथे भेग खोल आत उतरते. याचं उदाहरण म्हणून मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल आहे, कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळचं बांदिवडे आहे. मॅडमनी सहलीत मोबाइलवर काढलेला खांबांचा फोटो इथे परक्या चित्रापेक्षा मोलाचा ठरतो. तो त्यांचा स्वतःचा असल्यामुळे परवानगीचा प्रश्नच उरत नाही. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचे कोश जवळ ठेवावेत, म्हणजे एकाच संज्ञेला प्रत्येक महाविद्यालयात वेगळा शब्द असं होणार नाही.

चित्रांबाबत एक बारकावा आहे. अर्ल यांच्या पुस्तकात चित्राखाली चौकटी कंसात खूण असते. त्यांच्या नावाची आद्याक्षरं असतील तर चित्र त्यांचं. दुसऱ्या कोणाचा उल्लेख असेल तर त्या चित्राचा परवाना वेगळा तपासावा लागतो. पुस्तक मुक्त असलं तरी आतलं प्रत्येक चित्र मुक्त असेलच असं नाही.

काम झालं की टिपणाच्या तळाशी साधारण असं लिहावं: ‘हे प्रकरण स्टीव्हन अर्ल यांच्या फिजिकल जिऑलॉजी, दुसरी आवृत्ती, बीसीकॅम्पस, यावर आधारित आहे. मूळ परवाना सीसी बीवाय 4.0. मराठी रूपांतर केले. महाराष्ट्रातील उदाहरणे आणि आकृती 3 व 5 नव्याने घातल्या.’ मूळ पुस्तकाचा आणि परवान्याचा दुवा सोबत द्यावा, खाली आपलं नाव आणि आपला परवाना. काय बदललं हे सांगणं ही परवान्याची अट आहेच, शिवाय चूक निघाली तर ती कोणाची हेही त्यातून कळतं.

मग फाइल. आपल्याकडे बरंचसं मराठी साहित्य इथेच अडतं. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेलं टिपण दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की काना-मात्रांचा भुगा होतो. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफसोबत वर्डची किंवा ओडीटीची फाइलही द्या. ज्यात दुरुस्ती करता येत नाही ते कागदोपत्री मुक्त असून उपयोग काय? ठेवण्यासाठी महाविद्यालयाचं भांडार असेल तर उत्तम. नाहीतर सर्न या युरोपीय संस्थेचं झेनोडो आहे. तिथे फाइलला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. चढवण्याआधी प्राचार्यांकडून लेखी होकार घ्यावा, कारण नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर हक्क कोणाचा, हा प्रश्न नेमणुकीच्या करारावर अवलंबून असतो.

एवढं कळूनही प्राध्यापक टिपणं देत नाहीत. कारण आळस नव्हे. आपल्या टिपणातली चूक चारचौघांत दिसेल ही भीती असते, आणि ती मी कमी लेखणार नाही. म्हणून सुरुवात ‘तुमचं द्या’ अशी करू नये, ‘हे वापरून बघा’ अशी करावी. बीसीकॅम्पसने हीच वाट धरली. त्यांनी प्राध्यापकांना मुक्त पुस्तकांची परीक्षणं लिहायला बोलावलं आणि त्याचं मानधन दिलं. परीक्षणासाठी पुस्तक बारकाईने वाचावं लागतं. वाचताना ‘हे माझ्या वर्गात चालेल, पण हा परिच्छेद बदलायला हवा’ असं मनात येतं, आणि तिथून बदल करणारा हात तयार होतो. आपल्याकडेही एखाद्या विभागाने सत्रातून एक दुपार याला द्यावी. सगळ्यांनी एकच मुक्त प्रकरण वाचून यावं आणि काय खटकलं ते सांगावं. नव्या माणसाकडून अख्खं पुस्तक मागू नये, एक आकृती किंवा दहा प्रश्नांचा संच पुरे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत ई-कंटेंट तयार करण्याला बढतीच्या मोजणीत गुण आहेत. प्राचार्यांनी हे सांगितलं तर कामाला वेळ काढणं सोपं जातं.

मॅडमचं बेसाल्टचं टिपण चढल्यावर ते रत्नागिरीतल्या एखाद्या सरांच्या हाती लागेल. त्यांच्या वर्गाबाहेर जांभा आहे. ते बेसाल्टचं पान तसंच ठेवतील आणि पुढे एक पान जोडतील: हाच खडक पावसापाण्याने झिजून लाल जांभा कसा होतो, आणि सड्यावरचा चिरा कापताना तो कसा दिसतो. तळाच्या ओळीत अर्ल यांच्यानंतर मॅडमचं नाव असेल, त्याखाली सरांचं.