चित्रातली इमारत, करारातली इमारत

मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेल, कोणत्याही स्टेशनबाहेर मान वर करून पाहा. फलकावर चकचकीत इमारत दिसेल. भोवती गर्द झाडी, समोर निळे पाणी, दारात आलिशान गाडी. ही इमारत अजून जमिनीवर नसते, संगणकात असते. त्रिमितीय आराखड्यावर ऊन, सावली आणि झाडे चढवून ती तयार होते. आणि बुकिंग होते ते या चित्रावरच!

न बांधलेल्या घराचे चित्र दाखवणे हा गुन्हा नव्हे. आमचा आक्षेप आहे तो चित्रातून जे गाळले जाते त्याला. शेजारचा नाला गायब होतो, चिंचोळा रस्ता हमरस्ता होतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजना असेल तर विक्रीच्या टॉवरशेजारी मूळ रहिवाशांची इमारत अनेकदा दिसतच नाही. ज्यांच्या पुनर्वसनामुळे बिल्डरला विक्रीचे बांधकाम मिळाले, तेच चित्राबाहेर! गावकुसाबाहेर ठेवण्याची जुनी खोड संगणकानेही उचलली म्हणायची.

फसतो कोण? प्रॉव्हिडंट फंड मोडून, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन पहिले पक्के घर घेणारा आपला कारकून, शिक्षक, रेल्वे कामगार. तो तक्रार घेऊन गेला की बिल्डर चित्राखालची मुंगीएवढी ओळ दाखवतो : 'हे कलाकाराच्या कल्पनेतील चित्र आहे.' बिचारा गप्प होतो.

गप्प बसण्याचे कारण नाही. 2016 च्या रेरा कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत कोणत्याही स्वरूपातील प्रसिद्धी येते. म्हणजे चित्रही आले. कलम 12 सांगते की, जाहिरातीतील खोट्या वा चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागेल. त्याला बाहेर पडायचे असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत करावी लागेल. कलम 14 नुसार मंजूर आराखड्याप्रमाणेच बांधकाम व्हायला हवे. इमारतीच्या वा सामायिक जागेच्या आराखड्यात मोठे बदल करायचे तर दोनतृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. एका बारीक ओळीने संसदेचा कायदा पुसला जातो, हे आम्हाला मान्य नाही.

मात्र हक्क पुराव्यावर उभा राहतो. म्हणून माहितीपत्रक रद्दीत टाकू नका, त्यावर तारीख घाला. फलकाचा फोटो काढून ठेवा. 1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो मोबाईलने उघडा आणि महारेराकडे नोंदवलेली माहिती चित्राशी ताडून पाहा. बाग, तलाव, क्लब हाऊस जे दाखवले ते करारनाम्यात लिहून मागा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही, हे कलम 13 त्याला वाचून दाखवा.

चित्रात दाखवलेले झाड जो करारात लिहून द्यायला कचरतो, त्याला बयाणा देण्याची घाई कशाला?