वांग्याच्या फुलाचं कुलूप आणि भुंग्याची किल्ली



उसाला फुलाची गरज नाही. टिपरी पुरली, डोळा फुटला, काम झाले. उलट तुरा दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. म्हणून फुलावरच्या माशीकडे आपण ऊसवाले सहसा बघत नाही. पण नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाबरोबर वांगी-टोमॅटोही निघतात, आणि तिथे या माशीवाचून अडतं.

मध्यंतरी वजनकाट्यावर एका सभासदांनी विचारलं, "शेडनेटमधल्या टोमॅटोत मधमाश्यांची पेटी ठेवली, तरी फळ बारीकच. माश्या आळशी का काय?"

माश्या आळशी नाहीत. कुलूपच निराळं आहे.

बहुतेक फुलांचा परागकोश उकलतो आणि पराग उघडा पडतो. वांग्याचं तसं नाही. त्याचे पिवळे परागकोश म्हणजे बंद नळ्या. तोंड काय ते शेंड्याला, बारीक भोकाचं. मिठाची भोकाची डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसंच हे. या फुलात मधही नसतो. काळा भुंगा किंवा पोटावर निळे पट्टे असलेली माशी येते, परागकोश जबड्यात धरते, पंख मिटून छातीचे स्नायू थरथरवते. सेकंदाला शंभर ते चारशे वेळा! गुंऽऽ आवाज येतो आणि कोरडा पराग तिच्या पोटावर उडतो. मधमाशीला ही विद्या नाही. ती सांडलेलं वेचते.

फुलाची बांधणी बदलली की हिशेबही बदलतो. वांग्याचे परागकोश सुटे असतात. माशीने धरलेले जास्त हलतात, बाकीचे कमी. टोमॅटोचे एकमेकांना चिकटून नळकांडं झालेलं असतं. एका बाजूने हलवलं तरी सगळं थरथरतं आणि पराग आतल्याच कुक्षीवर पडतो. म्हणून उघड्या रानात टोमॅटोचं वाऱ्यावरही भागतं. जाळीत वारा मंद आणि भुंगा बाहेर. युरोपात काचघरांतून पूर्वी माणसं विजेचं कंपनयंत्र घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे केसाळ भुंग्यांच्या पेट्या ठेवू लागले. तो भुंगा आपल्या उष्ण मैदानातला नव्हे. आपण सकाळी दहाच्या सुमारास, फुलं कोरडी झाल्यावर, बांधणीच्या तारांना टिचक्या माराव्यात. पटत नसेल तर फुलाखाली काळं कापड धरून बघा.

वांग्याची सगळीच फुलगळ मात्र माशीच्या माथी मारू नका. ज्या फुलाची मधली दांडी परागकोशांच्या वर डोकावते तेच मुख्यतः फळ धरतं. आखूड दांडीची फुलं बहुधा गळतात.

इंदापूरच्या माळावर तरवड फुलला की हाच खेळ दिसतो. त्याचे काही केसर आखूड, काही लांब. माशी आखूड केसर हलवून आपला खाऊ काढते, तोवर लांब केसरांतला पराग तिच्या अंगाला लागतो. आपण तरवडाला सरपणाच्या लायकीचा समजतो, पण वांग्याला फूल नसतं तेव्हा या माश्या त्याच्यावर जगतात.

काळा भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो. निळ्या पट्ट्यांची माशी मोकळ्या जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत. पाचटाबरोबर बांधही पेटवला, की दोघांचंही घर जातं. आणि वांग्यावरची फवारणी? ती आपण सोयीची म्हणून सकाळी उरकतो, नेमक्या भुंग्याच्या कामाच्या वेळी. निदान फुलोऱ्यात तरी ती दिवस कलल्यावर करावी. त्या सभासदांनी पेटी बाहेर काढून बांधावर ठेवली आहे; आत आता घरची पोरं तारा हलवतात.