फोटो काढला, पण कागद सापडणार कसा?

इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. वाड्यांतून, माळ्यांवरून गोळा झालेले लाखो मोडी आणि फारसी कागद आज मंडळाच्या संग्रही आहेत. असे दफ्तर संगणकावर आणून सर्वांना खुले करायचे, तर काय काय करावे लागते?

आधी प्रतिमा. घड्यांवर विरलेला कागद काचेखाली दाबला तर तुटतो, म्हणून कॅमेरा वरून लावतात आणि अतिनील किरण नसलेले एलईडी दिवे वापरतात. ए-फोर आकाराचे पान ४०० डीपीआयने टिपले की सुमारे दीड कोटी बिंदू होतात आणि फाइल ४५ एमबीच्या घरात जाते. ही मूळ 'टिफ' फाइल जपून ठेवायची. वाचकांना हलकी 'जेपेग' प्रत द्यायची. काजळीची शाई उजेडाने सहसा उडत नाही, पण तिच्यातला डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओल लागली की अक्षर फुटते. काजळी अवरक्त किरण शोषून घेते. त्यामुळे डागाखाली दडलेला मजकूर अवरक्त कॅमेऱ्याला अनेकदा दिसतो.

खरी कसोटी पुढेच आहे. पानिपतच्या सुमाराचे पत्र शोधायला कोणी '१७६१' टाइप केले, तर हाती काही लागणार नाही. कारकुनाने तिथे अरबी शब्दांत 'इहिदे सितैन मया व अलफ' लिहिलेले असते. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन ११६१. त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे ती आता टंकता येते. पण शब्दांत जागा न सोडता, बोरू फारसा न उचलता लिहिलेली ओळ यंत्राला सहजी फोडता येत नाही. शिवाय प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. तारीख, गाव, कोणी कोणाला लिहिले, विषय काय, ही नोंद जाणकारालाच करावी लागते. तिच्याशिवाय स्कॅन म्हणजे नुसता चित्रांचा ढीग.

म्हणून अशा कामाला जेवढी स्कॅनरची गरज आहे, तेवढीच मोडी वाचणाऱ्यांची. ही लिपी शिकता येते; वेळ असेल तर जरूर शिका. आणि घरात जुने कागद असतील, तर त्यांना लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. कोरड्या जागी सुती कापडात बांधून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.